दिवसभर कॅलरी मापात, रात्री गोडावर ताबा सुटतो : बिघाड कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचा

लक्षणं

खालच्यापैकी तीन-चार गोष्टी ओळखीच्या वाटल्या तर पुढे वाचा.

- दुपारी चार ते सहाच्या मध्ये किंवा रात्रीच्या जेवणानंतर तासाभरात गोड हवंसं वाटतं, आणि रोज जवळजवळ त्याच वेळी.
- पोट भरलेलं असतं, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहतं.
- एकच बिस्कीट म्हणून हात जातो आणि अर्धा पुडा संपतो.
- चार-पाच दिवस काटेकोर जातात, एक दिवस सुटतो. रोजचे आकडे चांगले दिसतात, पण आठवड्याची सरासरी काढली तर वजन कमी होण्याइतकी तूट, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाल्लेल्या कॅलरी, उरतच नाही.
- सुटलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी नाश्ता बुडवला जातो, आणि त्या रात्री तलफ आदल्या रात्रीपेक्षा जोरात येते.

शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं आहे. ते असेल तर हा एखाद्या दिवसाचा मोह नाही, हे चक्र आहे. असं चक्र फक्त निश्चयाने तुटलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. आठ वर्षं कॅलरी मोजते आहे. त्या काळात हा बिघाड माझ्यात चार वेळा परत आला आणि चारही वेळा कारण वेगळं निघालं. बहिणीच्या, दोन मैत्रिणींच्या आणि ऑफिसातल्या काही जणांच्या खाण्याच्या वह्या मी त्यांच्यासोबत बसून वाचल्या आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली : रात्री दहाच्या तलफेचं कारण रात्री दहाला क्वचितच असतं. ते सकाळच्या ताटात असतं, आदल्या रात्रीच्या झोपेत असतं, किंवा तुम्ही स्वतःला घालून दिलेल्या आकड्यात असतं. म्हणून तपास मागे मागे जात करायचा, आणि स्वस्त, सोप्या गोष्टींपासून सुरुवात करायची.

थांबा, आधी एवढं वाचा

मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी चालू असेल, आणि गोडाच्या ओढीबरोबर हात थरथरणं, घाम, धडधड, डोकं हलकं होणं असं काही होत असेल, तर ही तलफ नव्हे. रक्तातली साखर खाली गेलेली असू शकते. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर तपासा. आकडा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर १५ ग्रॅम साखर लगेच घ्या. ती साधारण तीन-चार चमचे होते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि गरज पडली तर पुन्हा घ्या. त्या वेळी कॅलरीचा हिशेब करायचा नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. असं वरचेवर होत असेल तर औषधाचा डोस बदलावा लागतो, आणि ते काम डॉक्टरांचं. खालच्या तपासण्या तुमच्यासाठी नाहीत.

गरोदर असाल, स्तनपान करत असाल, वय १८ पेक्षा कमी असेल किंवा पूर्वी खाण्याचा मानसिक आजार होऊन गेला असेल, तर कॅलरीची मर्यादा स्वतःच्या मनाने ठरवू नका.

तपासणी १ : ही भूक आहे की तलफ?

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

गोड हवंसं वाटलं की स्वतःला विचारा : आत्ता समोर साधं जेवण आलं, उकडलेलं अंडं किंवा वाटीभर डाळ आली, तर खाईन का? उत्तर "हो, आनंदाने" असेल तर ही भूक आहे, ती फक्त गोडाचं नाव घेऊन आली आहे. "नाही, मला चॉकलेटच हवं" असेल तर ती तलफ.

हा फरक आधी करायचा, कारण पुढचे रस्ते इथेच फुटतात. भूक असेल तर तपासणी ४ आणि ६ मध्ये कारण सापडण्याची शक्यता जास्त. तलफ असेल तर ३, ५ आणि ८. भुकेवर तलफेचे उपाय केले की माणूस दोन दिवस टिकतो आणि तिसऱ्या दिवशी कोसळतो.

तलफ ठरली तर ग्लासभर पाणी प्या आणि दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. पाण्याने तलफ जाते असा माझा दावा नाही. पाणी हे थांबण्याचं निमित्त आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लेट यांनी व्यसनमुक्तीच्या कामात तलफेला लाटेची उपमा दिली होती : ती चढते, माथ्यावर येते आणि ओसरते. तिच्याशी कुस्ती न खेळता ती कशी चढते-उतरते ते पाहत राहायचं. माझ्या अनुभवात दहा ते वीस मिनिटांत माथा पार होतो. तेवढ्या वेळात भरभर चालून आलात तर आणखी सोपं जातं. दहा मिनिटांनंतरही हवंच असेल तर खा, ताटलीत काढून, बसून. आणि लिहून ठेवा.

तपासणी २ : चार दिवसांची वही

काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. ॲप कॅलरी सांगतं, पण त्यातून वेळ आणि मनःस्थिती नीट दिसत नाही, म्हणून मी साधी वही वापरते. पाच गोष्टी : तलफ किती वाजता आली, त्याआधी शेवटचं कधी आणि काय खाल्लं, आदल्या रात्री किती तास झोप झाली, त्या क्षणी काय चाललं होतं, आणि शेवटी काय खाल्लं. चारपैकी एक दिवस सुट्टीचा असू द्या, कारण सुट्टीच्या दिवशी घडी वेगळी असते.

वही भरताना लोक एकच चूक करतात. सुटलेला दिवस लिहीत नाहीत. पण तोच दिवस सगळ्यात बोलका असतो. माझ्या बहिणीच्या वहीत तीन दिवस नीट होते आणि चौथं पान कोरं होतं. विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी सकाळपासून दुपारी अडीचपर्यंत तिने दोन कप कॉफीशिवाय काही घेतलं नव्हतं. संध्याकाळी जे झालं त्याची तिला लाज वाटत होती, आणि कारण सकाळच्या रिकाम्या रकान्यात होतं. त्यामुळे वही ही कबुलीजबाबाची जागा समजू नका. मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकतो तसं ते ऐकणं आहे.

चार दिवसांनी तलफेच्या वेळेपासून चार ते सहा तास मागे जा. रोज काय सारखं आहे?

तपासणी ३ : नजरेसमोर काय आहे?

ओट्यावरचा डबा, टेबलावरची बरणी, ऑफिसच्या खणातली चॉकलेटं. डोळ्यांना दिसलं आणि हाताला सापडलं की खाल्लं जातं, भूक असो वा नसो. घरात इतर कुणासाठी गोड ठेवावं लागत असेल तर ते अपारदर्शक डब्यात, वरच्या फळीवर ठेवा आणि फळं पुढे आणा. मोठा पुडा घेऊ नका, एका वेळेपुरतं मिळतं तेच घ्या, ते महाग पडलं तरी. बस, एवढंच. पाच मिनिटांचं काम आहे आणि तलफ असणाऱ्यांमध्ये निम्मी लढाई इथेच हलकी होते.

तपासणी ४ : पहिल्या दोन खाण्यांत काय होतं?

मी पाहिलेल्या वह्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडला, म्हणून इथे जरा थांबू.

नेहमीचं चित्र असं : सकाळी चहा आणि टोस्ट किंवा दोन बिस्किटं, कधी तेही नाही. दुपारी "हलकं" म्हणून एक वाटी सॅलड किंवा सूप. चार वाजेपर्यंत ५०० कॅलरीसुद्धा पोटात गेलेल्या नसतात. ॲपमध्ये हिरवा रंग दिसतो आणि बरं वाटतं. मग शरीर आपली वसुली सुरू करतं, आणि त्याला जे सगळ्यात लवकर वापरता येतं तेच मागतं. म्हणजे साखर.

दोन गोष्टी मोजा. पहिली : दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी दुपारच्या जेवणापर्यंत किती गेल्या? निम्म्याच्या आसपास जायला हव्यात. दुसरी : पहिल्या दोन खाण्यांत प्रथिनं किती होती? प्रत्येक वेळी २० ते ३० ग्रॅम हे चांगलं लक्ष्य आहे. अंदाजासाठी, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, २५० मिली दुधात ८, शिजवलेल्या १०० ग्रॅम कडधान्यात ७ ते ९, शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये ३० च्या आसपास. चहा-टोस्टमध्ये हे गणित कुठेच बसत नाही, हे लगेच दिसेल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

हे महत्त्वाचं का? प्रथिनं, पिष्टमय पदार्थ आणि स्निग्ध पदार्थ या तिघांत कॅलरीमागे सगळ्यात जास्त तृप्ती प्रथिनं देतात. तंतुमय पदार्थ पोटात जागा घेतात आणि साखर रक्तात उतरण्याचा वेग कमी करतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते. कडधान्यं, भाज्या, सालीसकट फळं आणि अख्खं धान्य नसेल तर तिथवर पोहोचता येत नाही.

पदार्थ कसा बनलाय हेही पाहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रिया केलेलं. समोर ठेवलेल्या दोन्ही आहारांत कॅलरी, साखर, स्निग्धांश आणि तंतू सारखेच जुळवलेले होते, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर तेच लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. म्हणून "प्रोटीन" असं ठळक छापलेली गोड वडी आणि दोन अंडी यांच्या कॅलरी सारख्या असल्या तरी संध्याकाळी त्यांचा परिणाम सारखा असेलच असं नाही.

दुरुस्ती : रात्रीच्या जेवणातल्या २०० कॅलरी काढून नाश्त्याला द्या, त्या प्रथिनांच्या रूपात. आणि दुपारच्या जेवणानंतर रात्रीचं जेवण सात तासांनी होणार असेल तर मधे १५० कॅलरींचं खरं खाणं ठेवा : एक फळ आणि मूठभर दाणे किंवा दही. पाच दिवस करून बघा. बिघाड इथे असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच फरक जाणवतो.

तपासणी ५ : पिण्यातली साखर

एका चमच्यात ४ ते ५ ग्रॅम साखर, आणि एका ग्रॅमला ४ कॅलरी. दिवसाला चार कप चहा-कॉफी, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे १३० ते १६० कॅलरी. ३३० मिलीचं कोलाचं कॅन म्हणजे साधारण ३५ ग्रॅम साखर. फळांचा रस नैसर्गिक असला तरी त्यातली साखर कॅनमधल्या साखरेच्या जवळपास जाते. द्रवातल्या कॅलरींनी पोट भरल्याची जाणीव फारशी होत नाही, त्यामुळे जेवणात तेवढं कमी खाल्लं जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये घालून दिलेली मर्यादा अशी : वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखर, सगळी मिळून एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. १,६०० कॅलरींचा दिवस असेल तर १० टक्के म्हणजे ४० ग्रॅम. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर यात धरलेली नाही. चार कप चहातच ३२ ते ४० ग्रॅम गेले, तर रात्री ज्या गोडात खरा आनंद आहे त्यासाठी जागा राहत नाही. माझ्या मते हा सगळ्यात वाईट सौदा आहे, कारण तिसऱ्या कपातली साखर आपल्या लक्षातसुद्धा राहत नाही.

एकदम बंद करू नका. दर आठवड्याला प्रत्येक कपात पाव चमचा कमी करा. दोन-तीन महिन्यांनी जुन्या मापाचा चहा तोंडात धरवत नाही, हे मी स्वतःवर आणि इतर तिघांवर पाहिलं आहे.

साखरेऐवजी मध किंवा ब्राउन शुगर घेऊन हिशेब सुधारत नाही, ब्राउन शुगरच्या एका चमच्यात कॅलरी जवळजवळ तेवढ्याच, मधाच्या चमच्यात थोड्या जास्तच. कृत्रिम गोडी आणणाऱ्या गोळ्या-थेंबांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सल्ला दिला की वजन आटोक्यात ठेवण्याचं साधन म्हणून त्यांवर विसंबू नये. आधीपासून मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही. कॅनबंद पेयांची सवय सोडताना काही आठवड्यांचा आधार म्हणून मी त्यांच्या विरोधात नाही, पण जिभेला गोडाची पातळी तीच लागते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

पाकिटं वाचताना "साखर" हा एकच शब्द शोधू नका. डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप, कॉर्न सिरप, माल्टोज, फ्रुक्टोज ही सगळी त्याच घरातली. आणि आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा, ते आधी पाहा.

तपासणी ६ : मर्यादेचा आकडाच चुकलाय का?

ही तपासणी फुकट आहे, पण मनाला जड जाते, म्हणून इतकी खाली ठेवली.

मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० मधलं सूत्र आजही खूप वापरलं जातं : वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, आणि मग पुरुषांसाठी अधिक ५, स्त्रियांसाठी वजा १६१. हा शरीराचा नुसत्या विश्रांतीतला खर्च. ७० किलो, १६५ सेंटिमीटर, ३५ वर्षांच्या स्त्रीसाठी तो १,३९५ येतो. थोडीफार हालचाल धरून १.३७५ ने गुणलं की दिवसाचा खर्च सुमारे १,९२०. यातून ३०० ते ५०० वजा केले की १,४२० ते १,६२० ही टिकणारी मर्यादा. सूत्र अंदाज देतं, १० टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, पण दिशा कळते.

आता बघा, किती जणांनी ॲपमध्ये १,२०० भरलेलं असतं! वरच्या स्त्रीसाठी ते रोज ७२० ची तूट आहे, विश्रांतीच्या खर्चापेक्षाही कमी. मीही हे केलं होतं. सात महिने मला वाटत राहिलं की माझ्यात काहीतरी कमी आहे.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. २४ आठवडे त्यांना नेहमीच्या जवळजवळ निम्म्या कॅलरी दिल्या, सरासरी १,५७० च्या आसपास. त्या तरुणांचा खर्च आपल्यापेक्षा बराच जास्त होता, म्हणून तो आकडा स्वतःला लावू नका. पण त्यांना जे झालं ते वाचण्यासारखं आहे : दिवसभर अन्नाचेच विचार, पाककृतींची पुस्तकं जमवणं, ताटं चाटणं, आणि उपासमार संपल्यावरही बराच काळ न आवरणारं खाणं. ही माणसं निरोगी म्हणून पारखून निवडलेली होती. तूट फार मोठी झाली की मेंदू अन्नाकडे असाच ओढला जातो. त्याला चारित्र्यातली उणीव म्हणता येत नाही.

दुरुस्ती : मर्यादा २०० ने वाढवा आणि दोन आठवडे तशीच ठेवा. वजन रोज न पाहता आठवड्याच्या सरासरीने पाहा. सुटणारे दिवस कमी झाले तर १,४०० ची मर्यादा पाळून आठवड्याची सरासरी १,२०० च्या "कडक" आठवड्यापेक्षा कमी येऊ शकते. माझ्या वहीत नेमकं हेच झालं.

पाळी येण्याआधीच्या आठवडा-दहा दिवसांत भूक वाढते आणि शरीराचा खर्चही थोडा वाढतो. त्या दिवसांसाठी १०० ते १५० कॅलरी आधीच धरून ठेवा. महिन्याच्या हिशेबात त्या सहज सामावतात.

तपासणी ७ : गोडावर पूर्ण बंदी आहे का?

"आजपासून साखर बंद" हे वाक्य ज्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर असतं, त्यांच्या शेवटच्या पानावर बहुधा अर्धा किलो आइस्क्रीम असतं. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये दाखवलं की खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक दिला, तर नंतर ते आइस्क्रीम कमी नव्हे, जास्त खातात. लगाम न ठेवणारे मात्र कमी खातात. "आजचा दिवस बुडालाच आहे, तर बुडू दे" हा विचार ज्याला परिचयाचा आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून गोड हिशेबात आधी लिहा, उरलं तर खाईन असं ठेवू नका. सकाळीच वहीत १०० ते १५० कॅलरी रात्रीच्या जेवणानंतरच्या गोडासाठी टाका. २० ग्रॅम डार्क चॉकलेट साधारण १२० कॅलरी होतं. ते जेवणाला लागून खा, एकट्याने रिकाम्या पोटी नव्हे, कारण पोट भरलेलं असताना थोडक्यात भागतं. आणि तुम्हाला जे खरोखर आवडतं तेच खा. "डाएट" म्हणून विकलेली नावडती बिस्किटं खाऊन समाधान होत नाही, मग माणूस ती खाऊन वर चॉकलेटही खातो.

एक अपवाद सांगते. काही जणांना एखाद्या ठरावीक पदार्थाचा पहिला घास घेतला की थांबता येत नाही, इतर गोड मात्र आवरता येतं. माझ्या एका मैत्रिणीचं बिस्किटांबाबत असंच आहे. त्यांनी तो एक पदार्थ घरात आणू नये, हवा तेव्हा बाहेर कुणाच्या तरी सोबतीने एक खावा. ही बंदी नाही, फक्त जागा बदलली.

सुटलेल्या दिवसानंतर काय करायचं, हेही इथेच ठरतं. दुसऱ्या दिवशी नाश्ता नेहमीसारखा, मर्यादा नेहमीसारखी. भरपाई नाही. ९०० कॅलरी जास्त झाल्या तर सात दिवसांत वाटून रोजच्या १३० होतात. तेवढ्याने महिना बुडत नाही. भरपाईच्या उपासाने मात्र बुडतो.

तपासणी ८ : झोप आणि ताण

इथून पुढे महाग, कारण पैसे लागत नसले तरी आयुष्याची घडी बदलावी लागते.

शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास आणि वेगळ्या वेळी दोन रात्री दहा तास झोपायला दिलं. कमी झोपेनंतर तृप्तीचा संदेश देणारं लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी कमी आणि भूक जागवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आढळलं. ओढही सगळ्यात वाढली ती गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांकडे. प्रयोग लहान होता, पण वहीशी पडताळून पाहा : सहा तासांपेक्षा कमी झोपेच्या रात्रीनंतर तलफ लवकर येते का? माझ्या वहीत ती दुपारी तीनलाच येते. अशा दिवशी मी मर्यादा ताणून धरत नाही. दुपारचं खाणं १०० ने वाढवते आणि त्या रात्री तासभर आधी दिवा मालवते.

ताणाचं काम अवघड आहे. कंटाळा, एकटेपणा, भांडण, दिवसभराची दमणूक, या सगळ्यांवर गोड हा लगेच मिळणारा दिलासा असतो. दिलासा काढून घेतला आणि त्या जागी काही ठेवलं नाही, तर तो परत येणारच. म्हणून तलफेच्या नेमक्या वेळी दुसरं काहीतरी ठेवा, तेही ठरवून : १५ मिनिटं भरभर चालणं, फोनवर कुणाशी बोलणं, आंघोळ. सवय रुजायला वेळ लागतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागतात असा अंदाज निघाला, मध्यक ६६, म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त. एकवीस दिवसांत झालं नाही म्हणून सोडून देऊ नका.

एक समज बाजूला ठेवा : "चॉकलेटची तलफ म्हणजे मॅग्नेशियम कमी". तसं असतं तर बदाम आणि भोपळ्याच्या बियांची तलफ यायला हवी, त्यांत मॅग्नेशियम भरपूर आहे. याउलट बर्फ किंवा माती खावीशी वाटत असेल तर लोहाची कमतरता असू शकते, रक्त तपासून घ्या.

स्वतःचे प्रयोग कधी थांबवायचे

वरचं सगळं प्रामाणिकपणे सहा आठवडे करून फरक पडला नाही, तर आहारतज्ज्ञांकडे जा. खालच्यापैकी काही असेल तर सहा आठवडेही थांबू नका.

- खूप तहान, वारंवार लघवी, न ठरवता घटलेलं वजन, सतत थकवा. उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) तपासा. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा एचबीए१सी ६.५ टक्के, किंवा त्याहून जास्त आल्यास डॉक्टर पुढचं ठरवतील.
- मधुमेहाचं औषध चालू नसतानाही जेवणानंतर काही तासांनी थरथर, घाम, गोंधळल्यासारखं होणं.
- नवं औषध सुरू झाल्यापासून भूक बदलली. स्टेरॉइड, ओलॅन्झपिन, मिर्टाझपिन यांनी भूक वाढते. औषध स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्यांना सांगा.
- थोड्या वेळात खूप खाल्लं जातं आणि खाताना थांबणं आपल्या हातात नाही असं वाटतं, आणि हे आठवड्यातून एकदा तरी होतंय, तीन महिन्यांपासून. हा अतिखाण्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.
- खाल्ल्यावर उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं, शिक्षा म्हणून तासन् तास व्यायाम किंवा उपास. कॅलरी मोजणं आजच बंद करा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. इथे मर्यादा पाळण्याचा कुठलाही सल्ला, माझासुद्धा, अपाय करतो.
- दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, कशातच रस नाही, किंवा जगणं नको वाटतं. शेवटचं असेल तर आजच कुणाला तरी सांगा आणि तातडीची मदत घ्या.

भेटीला जाताना वही घेऊन जा, न खोडता. सोबत चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, गेल्या तीन महिन्यांचं वजन, पाळीच्या तारखा आणि झोपेचे तास असू द्या. "मला गोड आवडतं" एवढंच सांगितलं तर उत्तरही "कमी खा" एवढंच मिळण्याची शक्यता असते. माझ्या बहिणीला पहिल्या भेटीत तेच मिळालं होतं. दुसऱ्या वेळी तिने ते कोरं पान भरून नेलं आणि टेबलावर उघडून ठेवलं.